तीसपैकी किती?

आलापल्लीच्या चौकात भामरागड, एटापल्ली, सिरोंचा, चंद्रपूर अशा सगळ्या बाजूंच्या जीपगाड्या येऊन थांबताहेत. मार्च संपत आला आहे. सकाळचे नऊही वाजले नाहीत, तरी डांबर तापायला लागलंय आणि सागाची वाळकी पानं चौकभर उडताहेत. उतरणाऱ्यांत आज म्हातारी माणसं जास्त. कुणी नातवाच्या खांद्यावर हात ठेवून, कुणी काठीनं रस्ता चाचपत शेजारच्या शाळेकडे निघालं आहे. शाळेच्या दोन वर्गांत आज ज्येष्ठांची तपासणी आहे : रक्तदाब, साखर, डोळे, कान आणि शेवटच्या टेबलावर स्मरणशक्ती. त्या शेवटच्या टेबलाजवळ, खिडकीखालच्या बाकावर मी बसलो आहे.

टेबलामागे नागपूरहून आलेल्या मेंदूविकारतज्ज्ञ डॉक्टर आहेत. शेजारी भामरागड तालुक्यातली एक तरुण नर्स. तिची घरची भाषा माडिया. मराठी ती आश्रमशाळेत शिकली, इंग्रजी नर्सिंगच्या वर्गात. सगळे तिला सिस्टर म्हणतात. रांगेत माडिया ऐकू येते, गोंडी ऐकू येते, सिरोंच्याकडची तेलुगू, मुलचेऱ्याकडची बंगाली आणि चामोर्शीकडची झाडीबोलीही. टेबलावर मात्र सगळ्यांसाठी एकच छापील कागद आहे, तीस गुणांचा.

हा कागद १९७५ साली अमेरिकेत तयार झाला. मार्शल फोलस्टीन, सुसान फोलस्टीन आणि पॉल मॅकह्यू या तिघांनी तो केला, रुग्णाच्या बुद्धीची अवस्था पाच-दहा मिनिटांत चाचपता यावी म्हणून. साल, महिना, तारीख, वार, ऋतू. राज्य, जिल्हा, गाव, इमारत, मजला. तीन शब्द ऐकून लगेच म्हणायचे आणि थोड्या वेळानं आठवून सांगायचे. शंभरातून सात-सात वजा करत जायचं. वस्तू ओळखायच्या, एक वाक्य लिहायचं, एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन बघून काढायचे. चोवीसच्या खाली गुण आले की स्मृतिभ्रंशाची शंका घ्यायची, हा दंडक पुढे जगभर रुळला.

पहिली येते ती भामरागडकडची आजी. वय सत्तरीच्या पुढे असावं. कपाळावर आणि हातांवर गोंदण, गळ्यात मण्यांच्या माळा, बोटांना मोहाचा गोड-आंबूस वास. सोबत विशीतला नातू आहे. तो सांगतो, "हिवाळ्यापासून आजी बोलेनाशी झाली. हाक मारली तरी वळून पाहत नाही. पुजाऱ्याकडे नेलं, कोंबडा दिला. काही फरक नाही. मग आशाताईनं इथं पाठवलं."

डॉक्टर सिस्टरला म्हणतात, "आधी कागदावरचं जसंच्या तसं विचारू. मग आजींशी बोलू."

कोणतं साल? आजी हाताचा पंजा हलवते. महिना? माहीत नाही. तारीख? गप्प. वार? ती नातवाकडे बघते. ऋतू? "मोह पडतोय," आजी म्हणते. डॉक्टर उन्हाळा धरून एक गुण देतात.

राज्य? शांतता. जिल्हा? "चांदा."

डॉक्टरांचं पेन थांबतं. गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी. आजी तेव्हा लेकुरवाळी बाई असणार. तिच्या उमेदीच्या वर्षांत कचेरी, कोर्ट, मोठा दवाखाना सगळं चांद्यालाच होतं. पण कागदाला आजचा जिल्हा हवा आहे. शून्य. गाव कोणतं? "आलापल्ली." एक गुण. ही इमारत कसली? "सरकारचं घर." शून्य. आपण कितव्या मजल्यावर आहोत? हा प्रश्न विचारताना सिस्टर अडखळते. शाळा बैठी, कौलारू. आजी वर कौलांकडे बघते, मग सिस्टरच्या तोंडाकडे. शून्य.

तीन शब्द दिले जातात : आंबा, खुर्ची, नाणं. आजी तिन्ही म्हणून दाखवते. मग शंभरातून सात. सिस्टर माडियात प्रश्न मांडते, पुन्हा मांडते. आजी ऐकून घेते आणि मान हलवते. पाचही गुण जातात. आता मघाचे शब्द? "आंबा," आजी म्हणते. "नाणं." तिसऱ्यासाठी ती थांबते. नातवाला राहवत नाही, तो बसण्याची खूण करतो. सिस्टर त्याला हळूच अडवते, "तू सांगू नको दादा. हे आजीलाच सांगू दे." आजीला खुर्ची आठवत नाही. तिच्या घरी ती नाहीही.

घड्याळ आणि पेन्सिल ती बरोबर ओळखते. वाक्य ऐकून तसंच म्हणते. कागद उजव्या हातात घ्या, दुमडा, खाली ठेवा असं सांगितल्यावर कागदाच्या कडा जुळवून इतकी नेमकी घडी घालते की डॉक्टर ती उचलून पाहतात. पण 'डोळे मिटा' हे लिहिलेलं वाचता येत नाही. वाक्य लिहायला दिलेलं पेन ती विळ्यासारखं मुठीत धरते. पंचकोनांच्या जागी दोन तिरप्या रेघा ओढून कागद परत करते.

बेरीज होते तेरा. कागदाच्या हिशेबानं हा मध्यम स्वरूपाचा स्मृतिभ्रंश.

डॉक्टर कागद माझ्याकडे सरकवतात आणि गेलेले गुण बोटानं दाखवतात. एकूण सतरा गेले. त्यांतले पाच वजाबाकीचे, एक वाचनाचा, एक लिहिण्याचा, एक पंचकोनांचा. हे आठ गुण म्हणजे निव्वळ शाळा. आणखी आठ गेले ते साल, महिना, तारीख, वार, राज्य, जिल्हा, इमारत आणि मजला यांच्यात. हे कॅलेंडर, कचेरी आणि शहर यांचे प्रश्न. सतरांतून सोळा गेले. स्मरणशक्तीच्या खात्यावर उरतो एकच गुण, खुर्चीचा.

आता डॉक्टर खुर्ची टेबलाच्या या बाजूला ओढतात आणि आजींसमोर बसतात. "होळी कधी झाली, आजी?" सिस्टर आजींच्या कानाशी वाकून विचारते. आजी चार बोटं दाखवते. चार रात्री झाल्या. वर्गाच्या भिंतीवर टांगलेल्या कालनिर्णयात डॉक्टर पौर्णिमा शोधतात. चार दिवसच झाले आहेत.

"मोह कुठं वेचता?" आता आजींचा चेहरा बदलतो. कोणती झाडं त्यांच्या घराची, कोणती दिराच्या घराची, कोणत्या झाडाची फुलं आधी पडतात, यंदा कुठलं झाड कमी फुललं, सगळं एका दमात येतं. सिस्टरला मराठी करताना धाप लागते. तेंदूपानाचा विषय निघतो. पानांचा पुडा सत्तरांचा असतो आणि मजुरी शेकडा पुड्यांच्या हिशेबानं मिळते. मागच्या हंगामात पैसे किती आले, त्यातले नातवाच्या फीला किती गेले, आजी सांगते. नातू मान डोलावतो. आकडे बरोबर आहेत. शंभरातून सात वजा करायला न जमलेली बाई सत्तर पानं बोटांच्या स्पर्शावर मोजते, पुडा बांधते आणि पैसे चुकते करून घेते.

डॉक्टरांच्या पिशवीत दुसराही एक कागद आहे. सिडनीत वेगवेगळ्या देशांतून येऊन स्थायिक झालेल्या, वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या वृद्धांसाठी २००४ साली एक चाचणी प्रसिद्ध झाली. तिचं नाव रुडास. तीही तीस गुणांची, पण तीत वाचन नाही, तारीख नाही. शरीराचा डावा-उजवा भाग दाखवायचा, एका हाताची मूठ आणि दुसऱ्याचा तळवा आलटून-पालटून ठेवायचे, बाजारातून आणायच्या चार वस्तू लक्षात ठेवायच्या : चहा, तेल, अंडी, साबण. एका मिनिटात जितकी येतील तितकी जनावरांची नावं घ्यायची.

आजी चारपैकी तीन वस्तू आठवते. जनावरं विचारल्यावर ती क्षणभरही थांबत नाही. वाघ, अस्वल, रानडुक्कर, चितळ, सांबर, भेकर, माकड, घोरपड... आठ नावांनंतर गुण वाढत नाहीत. आजी मात्र खारीवरून साळिंदरावर आणि साळिंदरावरून मुंगसावर जाते. मिनिट संपल्याचं सिस्टरला दोनदा सांगावं लागतं. मला माँट्रियलची २००५ सालची दुसरी एक प्रसिद्ध चाचणी आठवते. तीत चित्रं बघून ओळखायची जनावरं असतात सिंह, गेंडा आणि उंट. यांपैकी एकही या जंगलात नाही.

रुडासमध्येही एक प्रश्न शहराचा आहे. रहदारीचा रस्ता आहे, सिग्नल नाही, झेब्राचे पट्टे नाहीत, तर सुरक्षितपणे कसा ओलांडाल? सिस्टर डॉक्टरांकडे बघते. डॉक्टर म्हणतात, "कागदावरचा विचार. मग तुझाही विचार. तुझं उत्तर मी वेगळं लिहीन, त्याला गुण देणार नाही." कागदावरचा प्रश्न आजींना लागत नाही. मग सिस्टर विचारते, पर्लकोटा नदीला पूर आलाय आणि पलीकडे जायचंय, काय करशील? आजी ताबडतोब उत्तर देते. "जाणार नाही. अलीकडच्या गावात राहीन. गढूळ पाण्यात लाकडं वाहत असली तर डोंगा घालायचा नाही. पाणी उतरल्यावर जाईन." पावसाळ्यात भामरागड दर वर्षी पुरानं तुटतं. ते ज्यानं पाहिलंय, त्याला या उत्तरातला शहाणपणा समजावून सांगावा लागत नाही.

मग डॉक्टर आजींच्या कानात टॉर्च धरतात. दोन्ही कान मळानं बंद आहेत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू दाटला आहे. हाक मारली तरी न वळणारी, गप्प बसणारी आजी ऐकू येत नाही आणि नीट दिसत नाही म्हणून गप्प होती. पंचकोनांच्या फिकट रेषा तिला दिसल्या तरी असतील का, ही शंकाही आता उभी राहते. नातवाला डॉक्टर तीन-तीनदा विचारतात : आजी वाट चुकते का? चूल पेटवून विसरते का? एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारते का? घरच्यांना ओळखत नाही असं झालंय का? तो प्रत्येक वेळी नाही म्हणतो. "एकटीच जंगलात जाते अन् एकटीच येते," तो सांगतो. आजींच्या कागदावर 'कान साफ करणे, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, सहा महिन्यांनी पुन्हा भेट' असं लिहिलं जातं.

पुढचे आबाजी मुलचेरा तालुक्यातले. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासित कुटुंबांना साठच्या दशकात तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातल्या जंगलात जमिनी देऊन वसवलं गेलं. आबाजी त्यांच्यापैकी. दोन वर्षांपूर्वी त्यांना लकवा मारला. डावा पाय अजून ओढतात. सोबतचा मुलगा मराठी बोलतो, वडील आता बहुतेक बंगालीच बोलतात. महिना कोणता, या प्रश्नावर ते ठामपणे "चैत्र" म्हणतात. भिंतीवरच्या कालनिर्णयात अजून फाल्गुन आहे. मुलगा सांगतो, बंगाली पंचांगात चैत्र लागून दोन आठवडे झाले. डॉक्टर खोडलेला गुण परत देतात. तो मुलगा आज कामावर गेला असता, तर एक गुण उगाच गेला असता.

पण बाकीचं तितकं सोपं नाही. आबाजींना उत्तरं सापडायला फार वेळ लागतो. सुरू केलेलं वाक्य मध्येच तुटतं. मुलगा सांगतो, लकवा मारायच्या आधी सोसायटीचा हिशेब तेच ठेवायचे. त्यानंतर एकदम घसरले आणि गेल्या पावसाळ्यात आणखी एक पायरी उतरले. रक्तदाब आजही चढलेला. गोळ्या बरं वाटलं म्हणून बंद केल्यात. खिशात तंबाखूच्या खर्ऱ्याची पुडी. डॉक्टरांचा आवाज इथं करडा होतो. गडचिरोलीतल्या ८६ गावांत 'सर्च' संस्थेनं मृत्यूंच्या कारणांचा अभ्यास केला, तेव्हा पक्षाघात हे मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण निघालं : १४.३ टक्के मृत्यू. २०१५ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. पक्षाघातातून जे वाचतात, त्यांच्यातल्या अनेकांच्या बुद्धीला त्याची झळ लागते. हा स्मृतिभ्रंश पायरी-पायरीनं उतरतो, आणि पुढची पायरी रोखणं बऱ्याच अंशी हातात असतं. रोजची गोळी, तंबाखू बंद, मीठ कमी. आबाजींच्या मुलाला डॉक्टर हेच पुन्हा पुन्हा समजावतात. सिस्टर गोळीच्या पाकिटावर सूर्याचं चित्र काढून देते.

दुपारी वन खात्यातून निवृत्त झालेले एक बाबू येतात. इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन. साल, महिना, तारीख, वार, सगळं खडाखडा. जिल्हा गडचिरोली, तळमजला. शंभर, त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट. 'माझी तब्येत ठणठणीत आहे' हे वाक्य वळणदार अक्षरात. पंचकोन रेखीव. फक्त मघाचे तीन शब्द? बाबू हसतात. "तुम्ही शब्द दिले होते का जी?" एकही आठवत नाही.

तीसपैकी सत्तावीस. कागदाच्या हिशेबानं निरोगी.

त्यांच्या मागं उभ्या असलेल्या काकू इतका वेळ पदराशी चाळा करत होत्या. डॉक्टर त्यांना बाजूला बोलावतात. "मी सांगतो डाक्टर," काकू म्हणतात. "आज तर मस्त सांगतेत जी. घरी मात्र दूधवाल्याले एकाच दिवशी दोनदा पैसे देतेत. जेवन झाल्यावर इचारतेत, जेवाले केव्हा देतेस म्हनून. मागच्या महिन्यात बँकेतून येताना घरच सापडलं नाई. तीस वर्सं त्याच रस्त्यानं गेले जी. पोरं म्हनतेत, वय झालं. पन मले मालूम आहे, हा मानूस असा नव्हता."

आजींचे सतरा गुण गेले, त्यांतला स्मरणाचा एक. बाबूंचे तीन गेले, तिन्ही स्मरणाचे. वीस-पंचवीस वर्षं कागद हाताळलेल्या माणसाला कागदावरची परीक्षा अजून पेलते. आजार त्या सरावाच्या आड लपलेला असतो. बाबूंच्या कागदावर रक्तातलं बी-१२, थायरॉइड, मेंदूचा स्कॅन आणि पुढची सविस्तर तपासणी लिहिली जाते. बी-१२ची कमतरता, थायरॉइडचा दोष, नैराश्य, काही औषधं यांनीही विस्मरण होतं, आणि ते बरं होऊ शकतं. म्हणून तर वेळेवर ओळखायचं.

जेवणाच्या डब्यांवर डॉक्टर बोलत राहतात. शाळेचा या गुणांवर किती परिणाम होतो, हे अमेरिकेत अठरा हजारांहून अधिक प्रौढांच्या, १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मोजलं गेलं. नऊ वर्षं किंवा जास्त शिकलेल्यांचे मध्यक गुण २९ आले, पाच ते आठ वर्षं शिकलेल्यांचे २६, आणि चार वर्षांपर्यंत किंवा मुळीच न शिकलेल्यांचे २२. म्हणजे चोवीसची रेघ ओढली, तर या शेवटच्या गटातली निम्म्याहून अधिक माणसं रेघेखाली जातात, त्यांतली बरीच निरोगी असतानाही.

भारतात हे ओळखून काम झालं आहे. हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांत मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरक्षर वृद्धांसाठी हिंदी चाचणी घडवली. ती १९९५ साली प्रसिद्ध झाली. तीत 'डोळे मिटा' वाचायचं नसतं. तपासणारा डोळे मिटतो आणि समोरच्यानं तसं करायचं असतं. कॅनडातल्या क्री आदिवासींमध्ये काम करताना तयार झालेल्या आणखी एका चाचणीत वृद्धाला प्रश्न विचारतात आणि घरच्या माणसालाही वेगळे विचारतात. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या किंबर्ली भागात तिथल्या मूळ रहिवाशांबरोबर बसून त्यांची स्वतंत्र चाचणी केली गेली. आपल्या देशातल्या एका मोठ्या पाहणीनुसार साठीपुढच्या ७.४ टक्के भारतीयांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना, स्मृतिभ्रंश आहे, आणि हे प्रमाण शहरांपेक्षा खेड्यांत, पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त आहे. त्या पाहणीनं निव्वळ चाचणीच्या गुणांवर निदान केलं नाही. घरच्यांची मुलाखत घेतली आणि माणसांची माहिती डॉक्टरांसमोर ठेवून निर्णय केला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं सविस्तर चाचण्यांचा एक संच सुरुवातीला पाच भाषांत तयार केला : हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड, मल्याळम. त्या पाचांत गोंडी नाही, माडिया नाही, जिवतीच्या डोंगरावरच्या कोलामांची कोलामी नाही. २०११च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे ३० लाख होते.

आशाताई, म्हणजे गावातली आशा कार्यकर्ती, डबा आवरता आवरता आपला फॉर्म दाखवते. साठीपुढच्यांसाठी त्यात एक प्रश्न छापलेला आहे : जवळच्या माणसांची नावं किंवा घराचा पत्ता विसरता का? "आमच्या गावात कोनाच्या घराले पत्ता आहे जी?" ती विचारते. "मी तर घरच्या सुनेले इचारतो. बुढी माय पानी आनाले गेली तर परत येते का, भाजीत मीठ दोनदा टाकते का, आधी जे काम करत होती ते आता करते का." मेंदूविकारतज्ज्ञ डॉक्टर तिचे प्रश्न वहीत उतरवून घेतात. आजच्या सगळ्या वहीत या तीन ओळी मला सर्वांत मोलाच्या वाटतात.

माणसाप्रमाणे साधन बदलायचं, हे गडचिरोलीला नवं नाही. न्यूमोनिया ओळखायला बाळाचे मिनिटाचे श्वास मोजावे लागतात आणि गावच्या अनेक दायांना तेवढे आकडे येत नव्हते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी त्या दायांना बाद ठरवलं नाही. मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि मणी असलेला श्वासमापक केला. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. दायांनी तो वापरला आणि न्यूमोनिया ओळखला. हेमलकशाला १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हा डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी आधी माडिया शिकून घेतली, मग रुग्णांना ते आपले वाटू लागले. बाळाच्या श्वासासाठी जे केलं गेलं, ते म्हाताऱ्यांच्या स्मरणासाठीही करता येईल.

काम अवघड आहे, पण काय करायचं ते स्पष्ट आहे. माडिया, गोंडी, कोलामी बोलणाऱ्या वृद्धांबरोबर बसून प्रश्न ठरवायचे : मोहाचा हंगाम, पुड्यांचा हिशेब, नदीचा पूर, नात्यांची नावं. मग शेकडो निरोगी वृद्धांना ते विचारून त्यांचे नेहमीचे गुण किती येतात ते नोंदवायचं, कारण त्याशिवाय कुठल्याही आकड्याला अर्थ नाही. सिस्टरसारख्या मुली-मुलांना दुभाष्याचं रीतसर प्रशिक्षण द्यायचं : खूण करायची नाही, उत्तरात भर घालायची नाही, नातलगाला मध्ये बोलू द्यायचं नाही. आधी कान आणि डोळे तपासायचे, मग बुद्धी. आणि प्रत्येक कागदावर गुणांच्या शेजारी दोन रकाने हवेत : माणूस किती शिकला, आणि वर्षभरात त्याच्यात काय बदललं.

चार वाजता जीपगाड्या परत निघतात. आजींचे कान दुपारीच साफ झाले आहेत. डॉक्टर रिकाम्या वर्गात कागदांचे तीन गठ्ठे करताहेत. पहिल्या गठ्ठ्यावर त्यांनी लिहिलंय 'गुण कमी, आजार नाही', दुसऱ्यावर 'गुण चांगले, आजाराची शंका', तिसऱ्यावर 'पुन्हा बघणे'. तिसरा गठ्ठा सर्वांत जाड आहे. तो प्रामाणिक आहे. आपल्या हातात जे साधन आहे, त्यानं एका दिवसात इतकंच कळतं.

वाचकांना एवढंच सांगायचं आहे. घरातलं म्हातारं माणूस पूर्वीसारखं राहिलं नाही असं वाटलं, तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. काय बदललं, केव्हापासून, हे दोन-चार प्रसंगांसह लिहून डॉक्टरांकडे जा. ते कागदावरच्या गुणांइतकंच महत्त्वाचं आहे. कुठं जायचं कळत नसेल, तर १४५६७ या ज्येष्ठांच्या मोफत हेल्पलाइनवर विचारा. आणि शाळेची पायरी न चढलेल्या तुमच्या आजीला कुणी तीसपैकी तेरा दिले, तर तो आकडा निमूट घेऊन घरी येऊ नका. तिचे कान तपासले का, डोळे तपासले का, तिच्या भाषेत विचारलं का आणि घरच्यांना विचारलं का, हे चार प्रश्न आधी विचारा.